सौताड्याची दरी आणि मामांची विहीर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांतली मुलं जातात कुठं? ज्यांचं जरा बरं चाललं आहे त्यांची मुलं पुण्या-मुंबईच्या काकांकडं जातात. काहींना मामाचं गाव असतं. बाकीची मुलं दिवसभर गल्लीत, मोबाईलपुढं, नाही तर गावाबाहेरच्या पाण्यावर. यातलं शेवटचं आम्हाला स्वस्थ बसू देत नाही. दोन वर्षांमागं आमच्याच वस्तीतला नववीतला मुलगा एका शेततळ्यात गेला. सोबत चौघं होती. एकालाही पोहता येत नव्हतं. काठावर उभं राहून ओरडण्यापलीकडं त्यांना काही करता आलं नाही. आपल्या देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. त्यात असा एखादा मुलगा धरला की आकडा आकडा राहत नाही.

म्हणून यंदा बुद्धपौर्णिमेच्या तयारीला विहारात बसलो तेव्हा ठरवलं की नुसती सहल काढायची नाही, मुलांना पाण्यात उतरवायचं. डोंगर चढायचा, दरी उतरायची आणि संध्याकाळी पोहायचं. पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही बीडमधली चार घरं मिळून निघालो. माणसं तेवीस, त्यातली मुलं अकरा. मुलींची संख्या सहा होती हे मुद्दाम सांगतो, कारण पोहायचं म्हटल्यावर दोन घरांतून "पोरी कशाला?" असा प्रश्न आला होता. त्याला उत्तर आजींनीच दिलं. त्या म्हणाल्या, "पानी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतंय व्हय?"

तीन ठिकाणं एका दिवसात करायची म्हणून दोन जीपगाड्या ठरवल्या. एकट्या कुटुंबानं जायचं तर एसटी बरी. बीडहून पाटोदा-जामखेडकडं जाणाऱ्या गाड्यांनी सौताड्याला उतरता येतं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागं ठेवण्याचं कारण नाही. बरोबर धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदे, उकडलेली अंडी, गावरान आंब्याची पाटी आणि पाण्याचे चार जार. उन्हाळ्यात डोंगरावर पाणी मिळेल या भरवशावर कुणी निघू नये.

पहाटे साडेचारला गाड्या हलल्या. मांजरसुंब्याचा घाट चढला की बालाघाट लागतो. या डोंगराला शिखरं नाहीत. घाट चढून वर जावं तर पुढं सपाट माळच. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा दगड झाला. काळ्या पाषाणाचा एक थर, त्याच्याखाली मुरमाचा, पुन्हा पाषाण. वर माती टीचभर. म्हणून पडलेला पाऊस थांबत नाही, वाहून जातो. त्यात आपण सह्याद्रीच्या पाठीमागं, पावसाच्या सावलीत. बीडची माणसं दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला का जातात, याचं निम्मं उत्तर या दगडात आहे. उरलेलं निम्मं जमीन कुणाच्या नावावर आहे त्यात आहे.

उजाडता उजाडता नायगावला पोचलो. पाटोदा तालुक्यातलं हे मयूर अभयारण्य १९९४ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणजे घनदाट झाडी असं मुलांच्या डोक्यात होतं, ती थोडी हिरमुसली. इथं बाभूळ, खैर, बोर, पळस, कडुलिंब आणि जिकडंतिकडं सीताफळ. तीच सीताफळं ज्यांना २०१६ साली बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. मे महिन्यात फळ नसतं, पण खाली तोंड केलेली हिरवट फुलं दिसतात. मुलांनी सीताफळ शंभरदा खाल्लं होतं, त्याचं फूल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

वनखात्याच्या माणसाला विचारून आम्ही पायवाट धरली. दहा मिनिटांत केका ऐकू आली. मग दुसरी, पलीकडच्या टेकावरून. मोर पाहायचा तर हाच महिना. पावसाच्या तोंडाशी त्याचा पिसारा पूर्ण वाढलेला असतो. पावसाळा सरला की पिसं गळून जातात आणि मग तोच मोर बोडका दिसतो. आम्हाला एकाच वेळी सात दिसले. एक पिसारा उभारून लांडोरीपुढं गोल फिरत होता आणि लांडोर त्याच्याकडं न बघता किडे टिपत होती. यावर बायकांमध्ये जो हशा झाला तो इथं लिहीत नाही. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या कायद्यानं त्याच्या शिकारीला बंदी. तरी पेरलेलं बी आणि शेंगांचे कोंब तो टिपून खातो, त्यामुळं आसपासचा कोरडवाहू शेतकरी त्याच्यावर फार खूश नसतो, हेही खरं.

एका वळणावर सिमेंटचा उथळ हौद होता. उन्हाळ्यात जनावरांसाठी, पाखरांसाठी वनखातं असे पाणवठे भरतं. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रभर अशा पाणवठ्यांजवळ मचाण बांधून माणसं बसतात आणि पाण्यावर येणारे प्राणी मोजतात. पौर्णिमेचा उजेड असतो आणि मे महिन्यात पाणी मोजक्याच जागी उरलेलं असतं म्हणून ही रात्र निवडलेली. बुद्धपौर्णिमेला हरीण, कोल्हा, मोर, साळिंदर सगळे एकाच हौदावर येऊन पाणी पितात, हे ऐकून आमच्यातली सातवीतली मुलगी म्हणाली, "मग त्यांना कुणी विचारत नाही का, तुम्ही कुठले?" तिनं हे सहज विचारलं. मोठी माणसं मात्र थोडा वेळ गप्प झाली. कारण वाटेत एका चहाच्या टपरीवर आम्हाला आडनावं विचारून झाली होती, आणि तिनं ते ऐकलं होतं.

सौताड्याला पोचायला साडेनऊ झाले. गाव बीड-जामखेड रस्त्यावर, पाटोद्याच्या पुढं. गावापासून चालत निघालं तर सरळ सपाट रान. पुढं काही आहे असं वाटतच नाही. आणि एकदम पायाखाली जमीन संपते. विंचरणा नदीनं त्या काळ्या दगडात अशी खोल दरी कापली आहे की काठावर उभं राहिलं की खालची झाडं गवतासारखी दिसतात. कड्यात दगडाचे थर कुणी रचून ठेवल्यासारखे मोजता येतात. पावसाळ्यात नदी इथून सरळ खाली कोसळते. तेव्हा जिल्ह्यातून, नगरकडून माणसांची रीघ लागते. मे महिन्यात धबधबा नसतो. कड्यावर पाण्याची काळी वाट तेवढी दिसते. धबधबा पाहायचा असेल तर श्रावणात यावं. दरी पाहायची असेल तर मात्र उन्हाळाच बरा, गर्दी नाही आणि पायऱ्यांवर शेवाळ नाही.

खाली उतरायला पायऱ्या आहेत. दरीत रामेश्वराचं जुनं देऊळ आहे. आमच्यातल्या म्हाताऱ्यांनी वरच बसावं असं आम्ही म्हणत होतो, पण आजींनी काठी टेकत सगळ्यांच्या आधी अर्ध्या पायऱ्या गाठल्या. खाली गेलं की उन्हाचा ताव एकदम कमी होतो. मोठाली झाडं, त्यांच्या मुळ्या दगडात शिरलेल्या, आणि कड्याच्या खोबणीत मधमाश्यांची पोळी. कड्याखाली पाणी होतं ते डबक्यापुरतं, शेवाळलेलं. मुलं तिथंच कपडे काढायला लागली. त्यांना थांबवलं. धबधब्याखालच्या डोहाचा तळ सारखा नसतो. वरून पडणारं पाणी तिथं खड्डे कोरतं, कपारी करतं. वरून गुडघाभर दिसणारं पाणी दोन पावलांवर दोन पुरुष खोल असू शकतं. अनोळखी डोहात, धरणाच्या भिंतीजवळ आणि धबधब्याखाली पोहू नये. पोहणाऱ्यानंही नाही.

सावलीत बसल्यावर आमच्यातल्या एका मास्तरांनी मुलांना एक गंमत दाखवली. जमिनीवर दगड-माती रचून त्यांनी बालाघाट केला आणि बाटलीतलं पाणी त्याच्या माथ्यावर सोडलं. पाणी तीन बाजूंना गेलं. "हे बघा," ते म्हणाले, "बीडची बिंदुसरा उत्तरेला जाते, सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला. ही मांजरा, तीही आपल्याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, पण ती पूर्वेला लातूरकडं जाते, कर्नाटक-तेलंगणात फिरून शेवटी गोदावरीलाच मिळते. आणि ही आपल्यापुढची विंचरणा जामखेडकडं जाऊन सीनेला मिळते. सीना भीमेला, भीमा कृष्णेला." म्हणजे एका तालुक्यात पडलेला पाऊस, काही गोदावरीत तर काही कृष्णेत. आणि जिथून एवढ्या नद्या निघतात तिथंच उन्हाळ्यात टँकर लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कृष्णेचं पाणी होतं. आमच्यातल्या दोघांनी ती गाडी लातूरला डोळ्यांनी पाहिली आहे.

पाण्याचा विषय निघाल्यावर तो आपल्या घरांत जिथं जायचा तिथंच गेला. मास्तरांनी मुलांना दुसऱ्या एका सहलीची गोष्ट सांगितली. ती १९३४ सालची आहे आणि आपल्या मराठवाड्यातलीच आहे. बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची सुमारे तीस मंडळी वेरूळची लेणी पाहायला निघाली होती. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबली. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचा हौद होता, तिथं मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं. एवढ्यावरून एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवलं. रमजानचा महिना होता. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, हाणामारीवर आलं. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यासाठी बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बॅरिस्टर झालेला, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस सहलीला निघाला आणि पाण्यावर पहारा घेऊन किल्ला फिरला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

महाडचा सत्याग्रह त्याच्या सात वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला झाला होता. चवदार तळ्याचा खटला पुढं दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूनं निकाल लागला. पण ते मुंबई इलाख्यात. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. आपल्यापर्यंत हक्क आला तो २६ जानेवारी १९५० ला, घटनेबरोबर. पंधरावं कलम सगळ्यांना माहीत असतं, त्यातलं दुसरं पोटकलम फार कमी जण वाचतात. त्यात दुकानं, हॉटेलं आहेत, आणि पुढं विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा असं एकेक नाव घेऊन लिहिलेलं आहे. नुसतं "पाणी" म्हणून भागलं असतं. पण लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की अडवणारा नेमका कुठं कुठं उभा राहतो.

आजींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या गावात हिर होती. आमचा बाप त्या हिरीचा गाळ काढायला आत उतरायचा. गाळ काढला की हिर धुऊन घ्यायचे. मी घागर घेऊन काठाच्या लांब बसायची. कुनी बाई यायची, वरून वतायची. कव्हा दुपार व्हायची." यावर आपण काय बोलणार? आमच्या मागच्या दोन पिढ्यांना पोहता का येत नाही याचं कारण ज्याला शोधायचं त्यानं इथं शोधावं. पोहायला खोल पाणी लागतं. खोल पाणी विहिरीत असतं, आणि विहीर आमची नव्हती.

आता मात्र आहे. आमच्यातल्या एका घरचे मामा, म्हणून सगळ्यांचेच मामा, पाटोदा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. गावाचं नाव त्यांच्या सांगण्यावरून देत नाही. चार एकर गायरान त्यांच्या वडिलांनी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यानंतरच्या काळात कसायला घेतलं. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पीक उभं असताना जनावरं सोडली गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं कायम करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला, तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नाव आलं. विहीर जीवनधारा योजनेतली, मामा-मामींनी आणि भावकीनं स्वतः खणलेली. वर मुरूम, खाली पाषाण, सुरुंग लावून फोडलेला. सहा परूस खोल. अजूनही मामा-मामी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, पाडव्याच्या सुमारास परततात, कारण चार एकर कोरडवाहूत वर्ष निघत नाही. (ज्यांची अशी जमीन आहे पण विहीर नाही, त्यांनी २०१७ पासून सुरू असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेची पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी. नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी नवीन विहिरीला त्यात अनुदान आहे.)

दुपार कडुनिंबाखाली गेली. पिठलं-भाकरी मामींची, धपाटे आमचे. गेल्या पावसाळ्यानं हात दिल्यामुळं विहिरीत अजून दोन परूस पाणी होतं. चारला ऊन कलल्यावर मामांनी पहिलं काम केलं ते मोटारीचा फ्यूज काढून खिशात ठेवण्याचं. हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं. वायर कुठं तरी खरचटलेली असते आणि पाण्यात वीज उतरते. मग निंबाच्या बुंध्याला सोल बांधून त्याचं दुसरं टोक विहिरीत सोडलं, त्याला हातभर अंतरावर गाठी मारल्या. काठावर दोन माणसं, पाण्यात मामा आणि त्यांचा मुलगा.

आमच्याकडं दोन वाळलेले भोपळे होते आणि ट्रकची एक ट्यूब. भोपळा पाठीला बांधला की माणूस बुडत नाही, फक्त पाय कसे मारायचे एवढंच शिकायचं उरतं. पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड किंवा पत्र्याचा बंद डबाही बांधत. मामा शिकवताना फार बोलत नाहीत. पोराच्या पोटाखाली हात धरतात, "पाय मार, हात वढ, त्वांड वर" एवढंच म्हणतात, आणि मधेच हात काढून घेतात. घाबरलेल्या पोराचा पहिला घोट पाण्याचा असतो. दुसऱ्या फेरीला ते हसतं. तासाभरात पाच मुलं भोपळ्यावर तरंगायला लागली. मामांचा मुलगा काठावरून मुटका मारायचा तेव्हा पाणी कठड्यापर्यंत उडायचं आणि वर बसलेल्या बायका ओरडायच्या.

मुली सलवारीला गाठ मारून, ओढणी काढून ठेवून उतरल्या. शेतात बाहेरचं कुणी नव्हतं, तरी पहिलीला पायऱ्या उतरायला दहा मिनिटं लागली. ती आमच्यातली थोरली, दहावीची परीक्षा दिलेली. गेल्या वर्षापर्यंत आईवडिलांबरोबर कारखान्यावर जायची, कोपीत राहून धाकट्याला सांभाळायची. कारखान्याच्या वाटेवर कालवे लागतात, तिथं तिनं एकदा एका बाईला वाहून जाताना पाहिलं होतं. म्हणून पाण्याची भीती. तिनं सोल दोन्ही हातांनी धरली ती सोडेना. मामा म्हणाले, "सोडू नको. धरूनच पाय मार." अर्धा तास ती तशीच पाय मारत राहिली. मग एक हात सोडला. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा भोपळा पाठीला बांधून ती विहिरीच्या या कपारीपासून त्या कपारीपर्यंत एकटी गेली आणि परत आली. तिची आई काठावर रडत होती आणि त्याच वेळी "हळू गं, हळू" म्हणून ओरडतही होती.

आजी शेवटी उतरल्या. आम्ही दोघींनी धरून त्यांना पाण्यालगतच्या पायरीवर बसवलं. त्यांनी पाय पाण्यात सोडले, ओंजळीनं तोंडावर पाणी घेतलं. बराच वेळ बसल्या. काही बोलल्या नाहीत.

ज्यांना विहीर जवळ नाही त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. फेब्रुवारी २०१६ पासून योजनेतली शेततळी गावोगाव झाली, चांगली गोष्ट आहे. पण ज्याला आत प्लास्टिकचा कागद आहे ते तळं विहिरीपेक्षा वाईट. उताराच्या ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहणाराही वर येऊ शकत नाही. अशा तळ्यात गाठींची दोरी किंवा जुन्या ट्यूबा कायम सोडून ठेवायला मालकाला सांगावं, आणि मुलांना तिथं पोहायला मुळीच पाठवू नये. वापरात नसलेल्या, उपसा बंद असलेल्या आडात उतरू नये, आत वाईट हवा साठलेली असते. कुणी बुडताना दिसलं तर मागं उडी घेऊ नये, बुडणारा मिठी मारतो आणि दोघं जातात. दोरी, काठी, लुगडं, रिकामा बंद कॅन, जे हाताला लागेल ते फेकावं. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची आणि १०८ ला फोन करायचा. हे कसं करायचं ते आपल्या वस्तीतल्या आरोग्यसेविकेकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

अंधार पडायच्या आत निघालो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना अकराही मुलं झोपलेली होती, केस ओलेच होते. एक दिवसात कुणी पोहायला शिकत नाही, म्हणून मामांनी मे महिनाभर दर रविवारी यायला सांगितलं आहे. पुढच्या खेपेला आणखी सहा मुलांची नावं आली आहेत. भोपळे दोनच आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी ट्रकची जुनी ट्यूब असेल त्यांनी ती ठिगळ लावून, हवा भरून, शनिवारी संध्याकाळपर्यंत विहारात आणून ठेवावी.